आधी नमस्कार, मग लाथ

मालनकाकींचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. परीक्षेच्या नोट्स निघत होत्या, मशीनचा आवाज मोठा, त्यामुळे आधी काही ऐकूच येईना. मी रस्त्यावर आले. काकी एरवी फोनवर इतक्या जोरात बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र आवाज अगदी खाली होता. "आबा गेलं गं सुजे," त्या म्हणाल्या. "पर भात खाऊन गेलं. सकाळी मागून घेतला, दहीभात. ताट पुसून खाल्लं, आडवं झालं, ते झालंच." त्यानंतर मला जे ऐकू आलं ते रडणं होतं की हसणं, खरंच सांगता येत नाही. दोन्ही असावं. मीही तिथं गाड्यांच्या गर्दीत डोळे पुसत हसत उभी राहिले. दुकानदारानं बाहेर येऊन विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आमचे आबा गेले. तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. त्याची काही चूक नव्हती. मलाही कुणी असं हसत सांगितलं असतं तर मीही तसंच बघितलं असतं.

म्हणून हे लिहिते आहे. मी याआधी परीक्षेच्या पेपराशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते नीट कळत नाही. भातापासूनच करते. गणपतआबांनी फौजेतून परत आल्यापासून भाताचं एक शीत तोंडात घातलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत नाही, सणाला नाही, आजारपणात मऊ भातही नाही. कबनूरमधल्या आमच्या बोळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मालनकाकी, म्हणजे आबांच्या सूनबाई, लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सासूनं एवढंच सांगितलं होतं की मामंजींना भात वाढायचा नाही, आणि विचारायचंही नाही. त्यांनी विचारलं नाही. बोळातली काही माणसं म्हणायची, साखरेचा आजार असेल. काही म्हणायची, नवस असेल. मला खरं कारण कळलं ते केवळ माझ्या कॉलेजमुळं.

आबा आमच्या नात्यातले नव्हेत. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक. माझे वडील यंत्रमागावर कामाला आहेत, आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आबांनी शंभरी गाठली होती की ओलांडली होती, याबाबत कागदाचं आणि काकींचं एकमत नव्हतं. कानांनी फार कमी ऐकू यायचं. विमानाच्या इंजिनानं कान नेले, असं ते सांगायचे, आणि त्यामुळंच बोळाच्या तोंडाशी माग खडखडत असले तरी आबांना झोप छान लागायची. लहानपणी आम्हाला त्यांच्या दोन सवयींची फार गंमत वाटायची. एक म्हणजे जेवताना पुढची भाकरी हवी असली की ते काकींकडं न बघता म्हणायचे, "नेक्स्ट." काकी म्हणायच्या, म्हाताऱ्याला इंग्रजी एवढंच येतंय, तेबी भाकरीपुरतं. दुसरी सवय म्हणजे पायाची. पाय कशालाही लागला, धान्याच्या पोत्याला, सुपाला, नुसत्या रिकाम्या बारदानाला, तरी आबा वाकून हात लावायचे आणि तो हात कपाळाला न्यायचे. हे आपल्याकडं सगळेच करतात म्हणा. पण आबांचं निराळं होतं. ते पाय लागायच्या आधीच नमस्कार करून घ्यायचे. पोतं ओलांडायचं असेल तर आधी हात, मग कपाळ, मग पाय. आणि बोळात कुणी गाडीवर पायाशी तांदळाचं पोतं ठेवून आणलं तर त्याची खैर नसायची. माझ्या वडिलांनी तर रेशनचं पोतं आणताना लांबच्या गल्लीतून फिरून यायची सवय लावून घेतली होती.

गेल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं एका वयस्कर माणसाशी बोलून त्याची आठवण नोंदवून आणा. वर्गातल्या मुलींनी स्वातंत्र्यसैनिक शोधले, जुने पहिलवान शोधले. मला आबांशिवाय कोण मिळणार? मी मोबाईल त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि फार भीतभीत, पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला. आबा, महायुद्धात तुम्ही किती लढाया लढलात? आबांनी मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एकबी न्हाई," ते म्हणाले. "म्या तांदूळ पाडायचं काम केलं." मला वाटलं, माझा प्रकल्प बुडाला. आणि मग आबा बोलायला लागले. मी त्या दिवशी रात्रीचं जेवण विसरले, एवढंच सांगते.

फौजेत आबांची रसद खात्यात भरती झाली होती. त्यांना पाठवलं आसामात, अमेरिकन लोकांच्या विमानतळावर. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या डोंगरात आपल्या पलटणी लढत होत्या, तिथं रस्ता नाही, खेचर चढत नाही, म्हणून अमेरिकन डकोटा विमानं वरून रसद टाकायची. दारूगोळ्याला पॅराशूट. तांदूळ मात्र तसाच, पोत्यात पोतं घालून. आतलं पोतं आपटून फुटलं तरी बाहेरचं दाणे धरून ठेवतं. विमान चालवायला अमेरिकन आणि पोती ढकलायला आपली माणसं. आबांच्या विमानात पायलट होता एक फार उंच माणूस. त्याचं नाव आपल्या लोकांना म्हणता येईना म्हणून त्याला सगळे लांब्या कप्तान म्हणायचे. आणि मागं आबांच्या बरोबर असायचा ज्यो. त्याचं पूर्ण नाव आबांना कधीच कळलं नाही. ज्यो शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या खिशात एक चपटी डबी असायची, आत वडिलांच्या शेतातल्या गव्हाच्या ओंब्या. बाकीचे अमेरिकन बायकामुलांचे फोटो बाळगायचे, हा गहू बाळगायचा.

त्या लोकांचं आबांनी किती वर्णन करावं... इंग्रज साहेबाला लांबून सलाम ठोकायची सवय असलेल्या आपल्या जवानांना हे अमेरिकन म्हणजे नवलच होतं. कप्तान स्वतःची थाळी घेऊन आपल्याच हाताखालच्या पोरांच्या मागं रांगेत उभा राहायचा. घाई असली की पोतीही उचलू लागायचा. हिवतापाच्या गोळ्या खाऊन खाऊन सगळ्यांची कातडी पिवळी पडलेली. "हळदीच्या नवऱ्यागत दिसायचं सगळं," आबा म्हणायचे आणि आठवून हसायचे. बांबूच्या झोपड्या, त्यात सतत पाऊस गळायचा, आणि ते पावसाला शिव्या देत ड्रममधली काळी कॉफी पीत राहायचे. डबाबंद मांसाला इतके विटलेले की आपल्या लोकांच्या चुलीवर कांदा-मसाला परतला जायला लागला की एकेक जण उगाच त्या बाजूनं फिरायला यायचा. घरची पत्रं आली की मोठ्यानं वाचायचे, कारण ज्याला पत्र नाही त्यानं दुसऱ्याच्या आईचं ऐकावं. विमानाच्या नाकावर एका बाईचं चित्र होतं, आखूड कपड्यातलं. आपली माणसं सुरुवातीला तिच्याखालून जाताना मान खाली घालून जायची. एवढं सगळं हसतखेळत असायचं आणि एखाद्या संध्याकाळी एक विमान परत यायचं नाही... त्या पोरांचे कॉफीचे मग खिळ्यांना तसेच लटकत राहायचे. ते खाली काढायला कुणाचा हात व्हायचा नाही.

पहिल्याच दिवशी आबांनी भांडण केलं. विमानाचं दार काढून टाकलेलं, नुसती उघडी चौकट, खाली जंगल. ज्योनं करून दाखवलं. पाठीवर झोपायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, कप्तानानं घंटा दिली की दोन्ही पायांनी पोत्याला लाथ. आबांनी मान हलवली. तांदळाला लाथ? शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं? घंटा झाली तसे आबा उभे राहिले आणि पोतं हातांनी ढकलायला लागले. विमान वळलं. पोतं गेलं आणि त्याच्यामागं आबाही निघाले. ज्योनं पट्ट्याला धरून मागं ओढलं. "त्येनं काय शिव्या दिल्या त्या कळल्या न्हाईत," आबा म्हणाले, "पर शिव्याच हुत्या एवढं कळलं." खाली उतरल्यावर हवालदारानं दोघांना समोरासमोर उभं केलं. त्याला थोडी इंग्रजी येत होती. आबा म्हणाले, अन्नाला पाय लावणार न्हाई, गोळी घाला. हवालदारानं ते ज्योला सांगितलं. ज्यो हसेल असं सगळ्यांना वाटलं. तो हसला नाही. त्यानं खिशातली डबी काढली, गव्हाची ओंबी आबांच्या हातावर ठेवली आणि आपल्या बुटाकडं बोट करून मान हलवली. म्हणजे हे आमच्याकडंही पायाखाली घालत नाहीत. मग लांब डोंगराकडं बोट केलं, मग पोटावर हात ठेवला. तिकडं माणसं उपाशी आहेत.

त्या रात्री आबांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी ठरवलं, लाथ मारायची, पण नमस्कार करून. आता आपल्याकडं पाय लागला की नंतर हात लावतो. इथं नंतर पोतं हवेत असणार, हात लावायचा कशाला? म्हणून आधी नमस्कार, मग लाथ. मी हे ऐकून एवढी हसले की रेकॉर्डिंगमध्ये माझंच हसणं जास्त आहे. पण आबा गंभीर होते. घंटा झाली की हात, कपाळ, लाथ, आणि ज्यो ओरडणार, "नेक्स्ट." हात, कपाळ, लाथ, "नेक्स्ट." सुरुवातीला ज्यो नुसता बघायचा. मग एके दिवशी आबांनी मान वळवली तर ज्योचाही हात कपाळाला गेलेला. पुढं त्या विमानातले सगळेच तसं करायला लागले. त्यानं कामाला एक ताल आला, असं आबांचं म्हणणं. लांब्या कप्तान तर उड्डाणाआधी मागं येऊन एका पोत्याला हात लावून जायचा आणि मगच आपल्या खुर्चीत बसायचा.

मी विचारलं, मग आबा, तुम्ही भात का सोडला? सगळं तर नीट झालं की. तेव्हा आबा मोबाईल बंद कर म्हणाले. मी केला.

चैत्र पौर्णिमेचा दिवस होता, जोतिबाच्या यात्रेचा. इकडं डोंगरावर सासनकाठ्या नाचत असणार आणि आबा तिकडं. आईनं निघताना गुलालाची एक पुरचुंडी दिली होती. आबांनी ती त्या दिवशी सोडली आणि प्रत्येक पोत्याला गुलालाचं बोट लावलं. ज्योनं विचारलं हे काय, तर त्याच्या कपाळाला लावलं. कप्तानानं आपणहून डोकं खाली केलं. विमानाच्या नाकावरच्या बाईच्या पायाशीही थोडा गेला. सगळे गुलाबी तोंडं घेऊन उडाले. डोंगरावर पोचले तर खाली नुसतं धुकं. तिथल्या एका टेकडीवर आपली तुकडी अडकलेली, कित्येक दिवस पोटात काही नाही, एवढं त्यांना सांगितलेलं. खूण म्हणजे धूर. आणि धूर दिसला दोन टेकड्यांवर. शत्रू फसवायला धूर करायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. कप्तान घिरट्या घालत राहिला, पेट्रोल संपत आलं. शेवटी त्यानं एक टेकडी निवडली आणि घंटा दिली. हात, कपाळ, लाथ. पोती धुक्यात गेली. दर वेळी खालून बिनतारीवर निरोप यायचा, मिळालं म्हणून. त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आबांना हिवतापानं गाठलं, इस्पितळात नेलं. ज्यो कॉफी घेऊन भेटायला आला. आबांनी खुणेनं विचारलं, निरोप? त्यानं मान हलवली, नाही. ती दोघांची शेवटची भेट. आबांची बदली झाली दुसरीकडं.

"लाथ मारली त्येचं काय न्हाई," आबा मला म्हणाले. "पोटात गेला तर तांदळाला त्येचं काय वाटत न्हाई. पर त्यो कुठं गेला? आमची पोरं उपाशी ऱ्हायली असतील आन् म्या हिकडं भात खायचा?" म्हणून त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशीचा तांदूळ आपल्या माणसांच्या पोटात गेला असं कळेपर्यंत भात खायचा नाही. आणि कळणार कुठून?

हे ऐकल्यावर मला प्रकल्पाचं भानच राहिलं नाही. मला फक्त ते शोधायचं होतं. मॅडमना विचारलं तर त्या हळुवारपणे म्हणाल्या, अशा एकेका फेरीचा पत्ता आता लागणं अवघड आहे. खरंच होतं ते. पण आपल्या जिल्ह्यातली किती तरी माणसं त्या डोंगरात होती, त्यांच्यापैकी कुणी तरी घरी काही सांगितलं असेलच की. मी आबांचा एक छोटा व्हिडिओ केला. विमान, ज्यो, तांदूळ, एवढंच. गुलालाचं त्यात नव्हतं, कारण ते त्यांनी मोबाईल बंद करून सांगितलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, पुढं त्याला महत्त्व आहे. तो व्हिडिओ माजी सैनिकांच्या, त्यांच्या नातवंडांच्या ग्रुपवर फिरला. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. तिथं घरटी एक माणूस फौजेत. या इकडं, म्हणाले.

मैत्रीण रेश्मा आणि मी स्कूटीवरून गेलो. वेशीतच एकानं अडवलं, "काय पावणं, कुणाकडं?" सांगितलं तर अर्ध्या तासात चावडीसमोर सगळं गाव गोळा. प्रत्येकाचा आजा ब्रह्मदेशात होता आणि प्रत्येकाच्या आज्यानं एकट्यानं टेकडी घेतली होती. आमच्या आज्यावर तांदूळच काय, बकरं पडलं होतं वरनं, असं एक जण म्हणाला. त्यावर दुसरा म्हणाला, ते बकरं न्हवं, तुझा आजाच पडलेला असणार. रेश्मा हसून लोळायची बाकी होती. मला मात्र रडू यायला लागलं होतं, कारण यातलं खरं कसं ओळखायचं? उन्हं कलली. निघावं म्हणून स्कूटीकडं आलो, तर शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सुपावरनं मान न उचलता तिनं विचारलं, "इमानातला तांदूळ म्हणतीस... त्यो गुलालाचा काय गं?"

मी तशीच ओसरीवर तिच्या सुपासमोर जाऊन बसले.

तिचं नाव चंद्राक्का. तिचे वडील, ती त्यांना अप्पा म्हणायची, त्या टेकडीवर होते. दर चैत्र पौर्णिमेला अप्पा घरात भात करायला लावायचे. शिजवायच्या आधी तांदळाला गुलालाचं बोट लावायचे आणि अंगणात एक मूठ तांदूळ उधळून पोरांना सांगायचे, येचा, एक दाणा ऱ्हाता कामा नये. चंद्राक्काला बरीच वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तेव्हा कळलं, हे फक्त आपल्याच अप्पाचं. मी तिला म्हटलं, आक्का, तुम्ही माझ्याबरोबर कबनूरला याल का? ती उठली, आत गेली, आपल्या शेतातल्या तांदळाची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं यायचं?"

रेश्मा स्कूटीवर आणि आम्ही दोघी वडापच्या, म्हणजे सीटावर भाडं घेणाऱ्या जीपमधून, असे दिवेलागणीला बोळात पोचलो. वाटेत मी काकींना फोन केला होता, पण मला धड सांगताच आलं नव्हतं. आबा खाटेवर बसलेले. चंद्राक्का त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगायला लागली. तिचा आवाज मोठा, त्यामुळं माग बंद करून निम्मा बोळ दारात जमला. टेकडीवर धुकं होतं. ओल्या पाल्याचा धूर केला होता. समोरच्या टेकडीवरही धूर निघाला तेव्हा सगळ्यांचं काळीज फाटलं, आता इमान तिकडं जाणार. वर घरघर ऐकू येत होती, जात होती, परत येत होती. आणि मग ढगातनं पोतं आलं...

"फुटलं का?" आबांनी विचारलं. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं.

"एक फुटलं. झाडावर आपटलं. बाकीची सलग पडली."

"मग?"

"मग काय. अप्पानं पोत्याचं तोंड बगितलं तर गुलाल. आवाज करायचा न्हाई म्हणून हुकूम हुता, तरीबी एकानं चांगभलं केलंच. वर आपल्यातलंच कोण तरी हाय, म्हणलं."

"फुटल्याल्याचं काय झालं?"

"येचलं की. चिखलातनं एकेक दाणा येचला. तीच सवय लागली अप्पाला."

बिनतारी यंत्र त्या दिवसांत फुटलं होतं, म्हणून निरोप गेला नाही, एवढंच. आबांनी तिचं मनगट सोडलं नाही. मग ते काकींना म्हणाले, "मालन, भात लाव."

काकींनी पदर तोंडाशी नेला आणि आत गेल्या. आयुष्यभर त्या माणसाला भाकरी वाढलेली, त्याला भात कसा आवडतो, मऊ की मोकळा, हेच त्यांना माहीत नव्हतं. दोनदा बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, जसं काही मला माहीत असणार. चंद्राक्काच्या पिशवीतला तांदूळ होता. ताट आलं. नुसता पांढरा भात, वर तूप. आबांनी ताटाला हात लावला, हात कपाळाला नेला. पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. घास घास करत ते जेवत राहिले. ताट संपलं. काकी भांडं घेऊन जवळच उभ्या होत्या, पण पुढं वाढावं की नाही हे त्यांना कळेना. आबांनी वर न बघता म्हटलं, "नेक्स्ट."

मग जो कल्ला झाला तो विचारू नका.

त्यानंतर आबा जे काही दिवस जगले ते त्यांनी भातावरच काढले. मसालेभात, वरणभात, फोडणीचा भात. काकी लटक्या रागानं म्हणायच्या, म्हाताऱ्यानं सगळ्या वर्षांचं एकदम वसूल करायचं काढलंय. मलाही रोज बोलावणं असायचं, कारण आबांना आता एकच काम उरलं होतं. ज्योला कळवायचं. "त्येलाबी निरोप न्हाई म्हणूनच सांगितलंतं," ते म्हणायचे, "त्यो तसाच गेला असंल. तुझ्या मोबाईलवर ज्यो गावंल का बघ की." मी म्हणायचे, आबा, अमेरिकेत ज्यो किती असतील. त्यावर ते म्हणायचे, "गहू करणारा म्हणून हुडीक." मी शोधते आहे. सापडेल असं वाटत नाही, पण शोधते आहे. कधी कधी मनात येतं, तिकडं एखाद्या शेतावरच्या घरात त्याची पणतवंडं असतील. धान्याच्या पोत्याला पाय लावायच्या आधी त्यांचा हात उगाच कपाळाला जात असेल, आणि त्यांनाही वाटत असेल, सगळ्यांच्याच घरी असं करतात. हा विचार आला की मला एकदम पळत सुटावंसं वाटतं.

आबांच्या खोलीत खाट तशीच आहे. भिंतीकडेला धान्याची पोती आहेत, त्यांच्याकडं पाय न करता झोपायचं म्हणून खाट तिरकी लावलेली. काकींनी ती सरळ केलेली नाही. मागच्या आठवड्यात रेशनचं पोतं आणायची पाळी माझ्यावर आली. स्कूटीवर दुसरीकडं कुठं ठेवणार? पायाशीच ठेवावं लागलं. लांबच्या गल्लीतून वळसा घालायचं आता काही कारण नव्हतं, मी सरळ बोळातूनच जायचं ठरवलं. गाडी सुरू करायच्या आधी मी वाकले, पोत्याला हात लावला, हात कपाळाला नेला आणि मग पाय वर घेतले. मागं एक टेम्पोवाला खोळंबला होता. तो ओरडला, "ओ ताई, पूजा झाली असंल तर चला की."

मी मागं न बघता म्हटलं, "नेक्स्ट."